द्वारकेला रोग नव्हता, वैद्यबुवा

प्रश्न असा होता. मुलगी वाढली, उंच झाली, अंग भरले, आवाज आणि चेहरा बाईचा झाला, पण न्हाण आले नाही, महिन्याचा विटाळ कधी सुरूच झाला नाही. बरोबरीच्या मुली मखरात बसून गेल्या, त्यांच्या मांडीवर मुले आली, तरी हिला आले नाही. मग या मुलीला काही रोग जडला आहे, की तिचा देह मुळातच निराळा घडला आहे? पहिले उत्तर खरे असेल तर औषध द्यावे. दुसरे खरे असेल तर औषध देणारा हात थांबवावा. तिसरा मार्ग मला दिसला नाही. तुम्ही मात्र तो शोधलात. उत्तर ठरण्याआधीच औषध सुरू केलेत, आणि उत्तर न देता निघून गेलात.

परवा तुमचे तेरावे झाले. पंक्तीत लोक तुमचे गुण आठवत होते. वैद्यबुवांनी नाडीवर बोट ठेवले की रोग आपले नाव सांगत असे, असे कोणी म्हणाले, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी हलवली नाही. त्या पंक्तीत बसलेल्यांपैकी कोणाची मुलगी तुमच्या घरात दिलेली नव्हती. माझी होती. मी सदाशिव पेठेत मुलांना ज्योतिषाचे गणित शिकवतो, तुम्ही शुक्रवारात वैद्यकी करत होता. लहानपणी आपण एकाच गुरूच्या ओसरीवर शिकलो आणि पुढे व्याही झालो. द्वारका माझी थोरली मुलगी आणि तुमची सून. हे लिहिण्याआधी मी तिला विचारले. ती म्हणाली, "लिहा. पण मी आजारी होते असं लिहू नका." तेवढी तिची अट मी पाळणार आहे. तुमच्याशी मऊ बोलण्याची अट तिने घातली नाही.

तुम्हाला ते सूर्यग्रहण आठवत असेल. गुरुजींनी पंचांगावरून स्पर्शाची, म्हणजे ग्रहण लागण्याची, वेळ काढली होती. वेळ मोजायला पाण्यात घटिकापात्र सोडले होते, आणि परातीत हळदीचे पाणी घेऊन त्यातले सूर्याचे बिंब पाहायला आपल्या दोघांना बसवले होते. वेळ झाली. बिंब गोलच. पात्र पुन्हा भरून बुडाले तरी बिंब गोलच. गुरुजी खाली वाकून पाहत होते, आणि तुम्ही एकदम म्हणालात, "गुरुजी, सूर्य चुकला असेल."

गुरुजी पोट धरून हसले. बऱ्याच उशिराने बिंबाची कड खाल्ली गेली, तेव्हा त्यांनी स्नान केले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या सगळ्यांना बसवून स्वतःच्या गणितात दुरुस्ती केली. म्हणाले, "पोथी माणसाने लिहिली आहे. आकाश माणसाने लिहिलेले नाही. दोघांत अंतर पडले तर कोणाला दुरुस्त करायचे, हे सांगायला नको." मी तो धडा म्हणून लक्षात ठेवला. तुम्ही आपली थट्टा तेवढी लक्षात ठेवलीत आणि पुढे आयुष्यभर तीच वैद्यकी म्हणून केलीत.

द्वारकेला मागणी तुम्हीच घातलीत. "जोश्या, तुझी पोरगी आमच्या मोरूला दे. व्याही झालो तर भांडायला तरी हक्काचं घर मिळेल." मी हसून दिली. पत्रिका मीच पाहिली होती आणि तीत संततियोग उत्तम होता. पुढे तुम्ही ते माझ्या तोंडावर कितीदा फेकलेत! "पत्रिका आपणच मांडली होती ना, जोशीबुवा?" मी तेव्हाही चारचौघांत सांगितले, आजही लिहितो: पत्रिका चुकली. मुलगी चुकलेली नाही. हे वाक्य म्हणायला मला एक क्षण लागला. तुमच्या आयुष्याची अखेर आली तरी तुम्हाला जमले नाही.

औषध सुरू झाले तेव्हा ते साधे होते. काढे, तीळ, गूळ. त्याने बिघडले काहीच नाही आणि घडलेही काही नाही. मग तुमच्या घरी येणाऱ्या बायका विचारू लागल्या, "वैद्यांच्या घरातच औषधाला गुण नाही का हो?" त्या एका टोमण्याने तुम्ही पेटलात. मग तीव्र रेचके आली, आणि त्यांच्या मागून पाऱ्याची मात्रा. एके दिवशी द्वारकेच्या लुगड्याला रक्त लागलेले तुमच्या मोलकरणीने पाहिले. तिने विहिणबाईंना सांगितले, विहिणबाईंनी तुम्हाला, आणि तुम्ही आळीला. दुपारपर्यंत साखर वाटून झाली होती.

द्वारकेची आई ओटीचे सामान घेऊन धावत आली. केळीचे खांब लागले होते, मखर सजले होते, बायका गाणी म्हणत होत्या, आणि मखरात फुलांच्या जाळीखाली द्वारका मान खाली घालून बसली होती. ओटी भरताना ती आईच्या कानाशी म्हणाली, "आई, हे ते नाही गं. पोटात कळ येऊन शौचावाटे पडतंय. औषधानं."

तिच्या आईने हात थांबवला आणि तिथूनच विहिणबाईंना सांगितले. विहिणबाईंनी आत येऊन तुम्हाला सांगितले. मी बाहेर बसलो होतो. तुमचे उत्तर मी या कानांनी ऐकले.

"रक्त ते रक्त. ते कुठून आलं हे वैद्याला कळतं, पोरीला नाही."

कोणाच्या देहातून रक्त कुठून येते हे त्या देहाला कळत नाही, हा सिद्धान्त तुम्ही कोणत्या गुरूकडून घेतलात? आपल्या गुरूंकडून नक्कीच नाही.

पुढचे सांगायला मला लाज वाटते, आणि ती माझी नव्हे. रेचक थांबले तसे रक्त थांबले. पुढच्या महिन्यात काही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फलशोभन झालेले होते, नवरा-बायकोची खोली एक झालेली होती. तेव्हा तुमच्या घराने जे अनुमान काढले त्यात तर्काची एकही पायरी चुकलेली नव्हती, फक्त पहिले पाऊलच हवेत होते. न्हाण आले होते, आता येत नाही, म्हणजे सून गरोदर आहे! पुन्हा साखर. विहिणबाई तिला मायेने विचारत, "डोहाळे कसले लागलेत गं? आंबट की गोड?" आणि माझी मुलगी म्हणाली, "मला माहेरी जायचे डोहाळे लागलेत, सासूबाई." सगळ्या बायका हसल्या. पहिलटकरीण माहेर मागणारच, असे म्हणाल्या. तिला न्यायला मी आलो, तर तुम्ही मला दारातच सांगितलेत, "सून औषधात आहे. पथ्य मोडेल."

महिने गेले आणि पोट दिसेना. तेव्हा आपल्या ओट्यावर तुम्ही मला गंभीरपणे सांगितलेत की गर्भ आतल्या आत वाळला आहे.

मी म्हणालो, "गोपाळ, जो नव्हताच तो वाळतो कसा?"

"शास्त्रात त्याला नाव आहे."

"शास्त्रात तुझ्या प्रत्येक चुकीला नाव आहे. मुलीला एकदा विचार."

"अरे, बायकांच्या सांगण्यावर निदान करू का मी?"

"मग आत्तापर्यंत कशावर केलंस? मोलकरणीच्या सांगण्यावरच ना?"

तुम्ही तोंड फिरवलेत. तेव्हा मी म्हणालो, "सूर्य चुकला वाटतं." लहानपणापासून त्या वाक्यावर तुम्ही हसला नाहीत असे कधी झाले नव्हते. त्या दिवशी तुम्ही उठून आत गेलात. त्यानंतर मी तुम्हाला कधी 'गोपाळ' म्हटले नाही, आणि तुम्हीही मला 'जोश्या' म्हटले नाहीत. दोघांनीही 'अहो' धरले.

मी तुमच्यावर केवळ रागावून बसलो नाही. मी तपास केला, आणि तो तुमच्यापुढे मांडला. तुम्ही ऐकून घेतला नाहीत, म्हणून पुन्हा मांडतो. आता तरी मध्येच उठून जाण्याची सोय तुम्हाला नाही.

द्वारका तान्ही असताना दोन्ही जांघांत तिला एकेक लहान गाठ लागत असे. आम्ही अंतर्गळ, म्हणजे आतडे खाली उतरले, असे समजून सोडून दिले होते. पुढे तिला भाऊ झाला. त्याला न्हाऊ घालताना त्याच्या वृषणाची जी गाठ तिच्या आईच्या हाताला लागली ती ओळखीची होती. ती मला म्हणाली, "पोरीच्या जांघेत जे लागायचं, ते हेच." ती हे सहज बोलली, आणि मी अनेक दिवस विचार करत राहिलो. मग काखेत व इतरत्र बायांना जी लव येते ती द्वारकेला आली नाही, हेही तिच्या आईने सांगितले. स्तन मात्र पूर्ण आले. अंगावर पुरुषाचे एकही चिन्ह नाही.

मग मी हडपसरला गेलो. तिथे द्वारकेच्या आईची मावशी आपल्या भावाच्या घरी राहते. गावातल्या कोणत्याही बाईपेक्षा उंच, पाठ अजून ताठ, आणि भावाच्या गोठ्याची सगळी सत्ता तिच्या हातात. मी विषय कसा काढावा या विचारात होतो, तर तिनेच काढला.

"जावई, तुम्ही एवढ्या उन्हाचे माझी गाय बघायला आला नाहीत. विचारा काय ते."

मी विचारले. ती म्हणाली, "मला कसलं न्हाण? आलंच नाही कधी. सासरच्यांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि गाडीत घालून परत धाडलं. माझ्या आईच्या एका बहिणीचंही असंच होतं म्हणतात."

"औषध घेतलंत?"

"कोण देणार? इथे वैद्य गुरांचा. तो शहाणा होता, म्हणाला, भाकड गाय आणि आजारी गाय यांत फरक असतो." मग ती मोठ्याने हसली. "दात पाहा माझे. एकही पडलेला नाही!"

मला हसता आले नाही. पाऱ्याच्या मात्रेने द्वारकेच्या हिरड्या सुजल्या होत्या आणि दात हलू लागले होते. म्हाताऱ्या मावशीच्या तोंडात सगळे दात, आणि वैद्याघरच्या तरुण सुनेला भाकरी पाण्यात बुडवून खावी लागत होती.

परत येताना मी जे जुळवले ते असे. हे आईच्या बाजूने येते. ज्या बाईच्या वाटेने येते तिच्यात ते दिसत नाही. तिला न्हाण येते, मुले होतात, तिला स्वतःलाही कळत नाही. तिच्या एखाद्या मुलीत ते उमटते आणि दुसरीत नाही. द्वारकेच्या धाकट्या बहिणीला वेळेवर न्हाण आले आणि तिचे दोन मुलगे माझ्या ओसरीवर पाटी घोटतात. म्हणजे ही गोष्ट खाण्यापिण्याने होत नाही, पथ्य मोडल्याने होत नाही, कोणाची दृष्ट लागल्याने होत नाही. मूल पोटात घडते तेव्हाच ती ठरते. बाहेरून घडण स्त्रीची, आत कुठेतरी पुरुषाच्या घडणीचा एखादा अंश, आणि गर्भाशयाची जागा बहुधा रिकामी. त्यात काहीही सडत नाही, दुखत नाही, वाढत नाही. ज्याचा आरंभ जन्माआधी आहे त्याला काढ्याने मागे नेता येत नाही.

हे मी तुम्हाला सांगितले तेव्हा तुम्ही शास्त्र काढलेत. पित्याचा अंश अधिक तर पुत्र, मातेचा अधिक तर कन्या, दोन्ही सम तर नपुंसक. आणि ओट्यावर चार माणसे असताना आवाज चढवून विचारलेत, "मग आपली मुलगी नपुंसक म्हणायची का, जोशीबुवा?"

मी म्हणालो, "शब्द तुमचा आहे, आधी तो तिला बसतो का ते पाहा. जिला स्तन येत नाहीत, जिला पुरुषाचा तिटकारा, ती षंढी, असं तुमचेच ग्रंथ म्हणतात. यातलं एक तरी लक्षण जुळतं का?"

"नाही जुळत. म्हणूनच तर औषध देतोय! मग काय आहे ती? सांगा ना!"

"ठाऊक नाही. तिच्यासाठी अजून नाव नाही. ठाऊक नाही असं म्हणायला तुम्हाला काय होतं?"

तुम्ही म्हणालात, "वैद्यानं ठाऊक नाही म्हटलं की रोगी दुसऱ्या वैद्याकडे जातो." त्या सगळ्या वादात तुम्ही बोललेले हे एकच वाक्य मला पूर्ण खरे वाटले.

आता तुमच्या बाजूचे जे आहे ते लिहितो, कारण गणितात एका बाजूचेच अंक मांडत नाहीत. तुम्ही तिला परत धाडले नाहीत. हडपसरच्या मावशीसारखी गाडी तिच्या वाट्याला आली नाही. मोरेश्वराचे दुसरे लग्न करा असे तुमच्या भावांनी सांगितले, तेही तुम्ही केले नाहीत. आणि एकदा तुमचा शेजारी ओट्यावर म्हणाला की अशांची जागा घरात नसते, देवीला सोडून मोकळे व्हावे. तेव्हा तुम्ही पायातला जोडा हातात घेतलात. "माझी सून आहे ती! तिची जागा मी ठरवणार, तुझा बाप नाही!" तो गृहस्थ लकडी पुलापर्यंत पळाला असेल. मी तिथे होतो. तुम्ही तिच्यावरच्या मायेने तसे वागलात, की तिला बाहेर काढणे म्हणजे आपली मात्रा फसल्याची कबुली होईल म्हणून, हे मी ठरवू शकलेलो नाही. दोन्हीही असेल. तेवढ्यासाठी मी तुमच्या चितेला हात जोडले. बाकीच्यासाठी जोडलेले नाहीत.

शेवटच्या आजारात तुम्ही मला बोलावलेत. बोलताना धाप लागत होती. तुम्ही माझे मनगट धरलेत. सवयीने तुमचे बोट नाडीवर गेले. म्हणालात, "जोश्या, त्या ग्रहणाच्या दिवशी..." आणि खोकला आला. तो थांबल्यावर तुम्ही मोरेश्वराकडे वळून म्हणालात, "द्वारकेची पुडी चुकवू नकोस." त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

ते पहिले वाक्य कुठे निघाले होते? इतक्या वर्षांनी मला 'जोश्या' म्हणून तुम्ही काय सांगणार होता? तुमच्या चांगुलपणावर विश्वास ठेवणारे म्हणतील की तुम्ही चूक मान्य करणार होता. मी ते अर्धे वाक्य तुमच्या खात्यावर जमा धरणार नाही. दुसरे वाक्य पूर्ण होते, आणि त्यात पुडी होती. पण त्या दिवसापासून मनगटावरची ती जागा मी दोनतीनदा चोळून पाहिली आहे, हेही खरे आहे.

तेराव्याची पाने उठल्यावर मोरेश्वर मधल्या घरात आला. मुंडण केलेले डोके, डोळे सुजलेले, हातात पुडी आणि पाण्याचा गडू. विहिणबाई, मी आणि द्वारकेची आई तिथेच बसलो होतो. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने बोलायचे नसते, तुमच्या घरात तर नाहीच. त्याने पुडी कोनाड्यात ठेवली आणि भिंतीकडे पाहत म्हणाला, "तीर्थरूपांची आज्ञा आहे."

द्वारका दाराआडून बाहेर आली. म्हणाली, "मामंजींची आज्ञा ते होते तोवर मी पाळली. त्यांचं तेरावं झालं. माझं दुखणंही त्यांच्याबरोबर गेलं असं समजा."

विहिणबाई म्हणाल्या, "अगं, आज तरी असं बोलू नये."

"मग कधी बोलू, सासूबाई? दात पडल्यावर शब्द नीट उमटणार नाहीत."

मोरेश्वर तिच्याकडे वळला. तोही वैद्य आहे, तुमच्या हाताखाली तयार झालेला. पण त्या दिवशी त्याने नाडी मागितली नाही. त्याने विचारले, "तुला दुखतं तरी काय?"

"तोंड. या पुडीनं."

"आणि ते? न्हाणाचं?"

"ते नाही दुखत. कधीच दुखलं नव्हतं. मला विचारलंच नाही कुणी."

मग पुडी उचलून त्याने फडताळात तुमच्या खलबत्त्याशेजारी ठेवली आणि दार लावले. फेकली नाही, तुमचा मुलगा आहे. आईला म्हणाला, "आजपासून हिला औषध नको. खायला मऊ द्या, दूध द्या." विहिणबाईंनी पदराने डोळे पुसले आणि काही वेळाने चुलीकडे जाऊन दूध तापत ठेवले. द्वारकेला मी माहेरी चल म्हणालो. ती म्हणाली, "येईन, चार दिवसांसाठी येईन. पण इथून कुणी मला धाडलेलं नाही, ते लक्षात ठेवा." ती तुमच्याच घरात राहणार आहे. त्या घरात तुमच्या खलबत्त्यापेक्षा तिची जागा आता पक्की आहे असे मला वाटते. पुढचे मला ठाऊक नाही.

गोपाळ, सूर्य चुकला नव्हता रे. त्या दिवशीही नाही, आणि तुझ्या घरातही नाही. तू माझ्याबरोबर परातीवर वाकला होतास. तुलाही तेच दिसले होते.

हे लेखन मी पाठशाळेत ठेवतो आहे. वाचणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की माझ्या शब्दावर विसंबू नये. मी तीनच बायकांची हकीकत गोळा केली आहे, आणि त्यांतली एक ऐकीव आहे. तीनवरून सिद्धान्त होत नाही. ज्यांच्या घरात अशी मुलगी असेल त्यांनी तिच्या आईच्या माहेरी जाऊन, आईच्याही आजोळी जाऊन, विचारून पाहावे. मुलीला आधी विचारावे, तिला काय होते आणि काय होत नाही. माझे म्हणणे जिथे जुळणार नाही तिथे ते खोडून दुरुस्त करावे.